तीन ठोके

“ते ठोके आज नकोत,” खुर्चीवर बसता बसता मिनेझिस सर म्हणाले. “आज फक्त शेवटचं पान.”

देवा बापा, काय हायसं वाटलं मला! सकाळपासून जीव नुसता टांगणीला लागला होता. ठोके वाजले नाहीत तर पपा वर येणार आणि ठोके वाजले तर आल्या पावली परत जाणार, असं ठरलेलं होतं. आणि इथं सर आपल्याच तोंडानं सांगत होते, ठोके नकोत म्हणून. मी इतक्या लगबगीनं व्हिओला उचलली की स्टँडवरचे कागद धक्क्यानं खाली पडले.

“आज करुणाबाईंची स्वारी खुशीत दिसते,” पेणकरकाका चेलोच्या आडून म्हणाले.

“कसली खुशी, काका! उद्या आईचं ऑपरेशन.”

“हां, तेही खरंच,” म्हणून काका ओशाळले आणि उगाचच तार लावायला लागले.

ही गोष्ट आणीबाणीतली. आम्ही पुण्याला कॅम्पात राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, समोर गल्लीकडे उघडणारी बैठकीची खोली आणि मागं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला एक झरोका होता, तो थेट जिन्यात उघडायचा. आईनं काही तळलं की साऱ्या बिल्डिंगला वर्दी जायची. दर बुधवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत चार जण जमायचे आणि वाजवायचे. मिनेझिस सर पहिलं व्हायोलिन. मूळ गोव्याचे, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, नाकावर माशी बसू न देणारे. दुसरं व्हायोलिन केकी. पारशी, घड्याळं दुरुस्त करायचा आणि तालमीला स्वतः उशिरा यायचा. चेलोवर पेणकरकाका, बेने इस्रायली, अंगानं आणि हसण्यानं दणदणीत. आणि व्हिओला मी. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगानं मोठी, आवाजानं घोगरी आणि थोरल्या बहिणीसारखीच सगळ्यांच्या मागं राहून राबणारी. चर्चमधल्या मिशनरी बाईंनी ती माझ्या गळ्यात घातली, ती कायमची. शेजारपाजारचे आम्हाला चांडाळचौकडी म्हणायचे, आणि एकेका बुधवारी ते खोटंही नसायचं.

आता पपांचं सांगते. दानिएल रणभिसे, शाळेत इतिहासाचे मास्तर आणि हाडाचे समाजवादी. आणीबाणी लागली आणि यांनी पत्रकं वाटली. तोंड मिटून गप्प बसतील तर ते रणभिसे मास्तर कसले! वॉरंट निघालं आणि पपा भूमिगत झाले. संगीताच्या बाबतीत मात्र माणूस औरंगजेब. चर्चमध्ये गीत सुरू झालं की आई त्यांना कोपरानं ढोसायची, “अहो, तुम्ही नुसते ओठ हलवा.” आणि गंमत अशी की आम्ही वाजवत होतो ती चौकडी, म्हणजे चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना, आणलेली मात्र याच औरंगजेबानं. रशियन पुस्तकांचं एक फिरतं प्रदर्शन आलं होतं, तिथं हे स्वरलेखन त्यांच्या हाताला लागलं. मुखपृष्ठावर चार वाद्यांची चित्रं होती, बस्स, घेऊन आले.

“रशियाचं राजकारण मला पटत नाही,” म्हणाले, “पण वाजवायला काय हरकत आहे?”

चांगलीच हरकत होती! आमच्या जन्मात आम्ही असलं काही वाजवलं नव्हतं. सगळे भाग एकमेकांत शिरलेले, मध्ये थांबायची सोय नाही. संगीतकार आमच्याच काळातला, कुणी रशियन. पण त्यानं ते कशाच्या भीतीनं लिहिलं ते आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. सर मात्र पहिल्याच तालमीला चष्मा काढून म्हणाले होते, “ह्या माणसानं दाराकडे कान लावून लिहिलंय, बाय.”

त्याला कारण होते ते ठोके. मधल्या एका भागात पहिलं व्हायोलिन नुसता एक बारीक सूर धरून ठेवतं, आणि त्याच्याखाली बाकीचे तिघं गज पार डोक्याच्या वर उचलून तारांवर आदळतात. धाड, धाड, धाड. पहिल्यांदा आम्ही ते वाजवले तेव्हा आई पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. पपा तेव्हा घरीच होते. खुर्चीत मागं रेलून खो खो हसले.

पण घर सोडून जाताना ते हसत नव्हते. चपला हातात घेऊन दारात उभे राहिले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “हे बघ करुणा, तुमच्या वाजवण्यातलं मला तेवढंच कळतं. मी आलो तर बुधवारीच येईन, संध्याकाळी, चर्चची घंटा झाल्यावर. तुमच्या आवाजात माझ्या पावलांचा आवाज बुडून जाईल. घरात कुणी परकं असलं तर ते ठोके वाजवायचे. नसलं तर अजिबात वाजवायचे नाहीत. आणि हे कुणाला सांगायचं नाही, मिनेझिस सरांनाही नाही. ज्याला माहीत नसतं त्याला कुणी कितीही विचारो, तो सांगणार काय?”

त्यानंतर कित्येक बुधवार ठोक्यांसकट गेले आणि त्यानं काही बिघडलं नाही, कारण पपा पुण्यातच नव्हते. मग आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं तर हृदय अशक्त. डॉक्टर माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. म्हणाले, “घरच्या माणसांनी आधी भेटून घेतलेलं बरं.” त्याचा अर्थ काय ते मला कळलं आणि न सांगता आईलाही कळलं. आणि त्या आठवड्यात भाजीबाजारात एका अनोळखी बाईनं मेथीची जुडी आईच्या पिशवीत टाकता टाकता पुटपुटून सांगितलं, “बुधवारी येताहेत.”

“येऊ नका म्हणून सांगा त्यांना,” आई म्हणाली.

“सांगून झालं, वहिनी. ऐकत नाहीत.”

“हे कधी कुणाचं ऐकतात होय!” असं आई घरी येऊन मला म्हणाली खरी, पण बुधवारी तिनं केस धुतले, ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं आणि पपांना आवडतात म्हणून गुळाच्या करंज्या केल्या. चालताना धाप लागत होती, तरी केल्या.  

तर तो हा बुधवार. सर म्हणाले, फक्त शेवटचं पान. शेवटचं पान म्हणजे अगदी संथ, जड. चौघंही जेमतेम श्वासाच्या आवाजात वाजवणार. सरांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, नाकानं श्वास घेतला आणि आम्ही सुरू झालो.

हे श्वासाचं सांगायला हवं. चौकडीत ‘एक दोन तीन’ म्हणून सुरुवात करत नाहीत. पहिला वादक नाकानं खूण करून श्वास घेतो आणि त्या श्वासावर चौघांचे गज एकदम पडतात. वर्षानुवर्षं वाजवलं की ते हाडात मुरतं. विचार करायला वेळच नसतो, श्वास ऐकला की हात निघालाच. आमच्याकडे श्वास द्यायचा तो सरांनी. दुसऱ्या कुणी, त्यातून व्हिओलानं, श्वास द्यायचा म्हणजे नव्या सुनेनं सासूच्या आधी जेवायला बसायचं. असली आगळीक आमच्या चौकडीत कधी झाली नव्हती.

पानाच्या निम्म्यावर आलो असू आणि दाराची कडी वाजली.

 घंटा अजून व्हायची होती. पपा इतक्या लवकर? आईनं पदर सावरत दार उघडलं आणि दारात शितोळे उभे.

शितोळे म्हणजे साध्या कपड्यातले पोलीस. पपा गेल्यापासून आठवड्यातून दोनदा यायचे, दुपारी. “मास्तरांचं काही पत्रबित्र?” विचारायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. वाईट माणूस नव्हता. पण संध्याकाळी ते कधीच आले नव्हते, आणि बुधवारी तर नाहीच नाही.

“चालू द्या, चालू द्या,” चपला काढून ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. “उद्या वहिनींचं ऑपरेशन ना? म्हटलं, विचारपूस करावी. घरात पुरुषमाणूस नाही.”

“बरं केलंत,” आई म्हणाली. तिचा आवाज इकडचा तिकडे झाला नाही. “बसा, चहा टाकते.”

ती स्वयंपाकघरात गेली. जाताना माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.  शितोळ्यांनी बरोबर हेरलं होतं; बायकोचं उद्या ऑपरेशन आहे, आज माणूस येणारच. दारातच बसले होते. पपांनी कडीला हात लावायचा अवकाश!

“सर,” मी म्हटलं, “ते ठोके एकदा घेऊ या का?”

“नको.”

“एकदाच.”

“करुणा, खालच्या मजल्यावरच्या बाईंचा नातू तापानं फणफणलाय. आज धडाधड करणार नाही असा शब्द मी त्यांना जिन्यात दिलाय. पुढं चला.”

घ्या!  आम्ही पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. माझे सूर कुठं पडत होते ते मला कळत नव्हतं. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला होता. गल्लीतून कुणी गेलं की मला पपांचीच चाल वाटायची. दोनदा मी चुकले, दोनदा सर थांबले.

“लक्ष कुठं आहे?”

“सर, मला तो ठोक्यांचा भाग फार कच्चा वाटतो. त्यामुळं पुढचं जमत नाही.”

“कच्चा?” सरांच्या भुवया वर गेल्या. “ठोके कसले कच्चे असतात, बाय? तीन ठोके! लहान पोर वाजवील.”

केकी फिसकन हसला. “डिकरी, तुला आज झाला काय?”

“कसले ठोके म्हणता?” स्टुलावरून शितोळ्यांनी विचारलं.

मी जीभ चावली. आगीतून फुफाट्यात! आता आणखी एकदा ठोक्यांचं नाव काढलं असतं तर या माणसाच्या डोक्यात नक्की काहीतरी शिरलं असतं. पेणकरकाकांनी गमतीनं सांगून टाकलं, “अहो, आमच्या रशियनाला मध्येच दार ठोठावायची हुक्की येते.” शितोळे हसले नाहीत. त्यांनी बंद दाराकडे बघितलं.

आणि चर्चची घंटा व्हायला लागली.

ती घंटा मी जन्मापासून ऐकत आलेय, पण त्या दिवशी एकेक टोल माझ्या डोक्यात पडत होता. घंटा थांबली. सरांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, शेवटच्या पानाकडे नजर नेली, आणि त्यांनी श्वास घ्यायच्या आत मी घेतला.

नाकानं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि गज पार डोक्यावर नेला. गज इतका वर फक्त एकाच जागी जायचा. केकीचा आणि पेणकरकाकांचा हात त्यांना कळायच्या आत वर गेला. सरांच्या श्वासाची वाट बघायचं दोघांनाही सुचलं नाही; हाडात मुरलेलं ते, दुसरं काय! तिघांचे गज एकदम खाली आले.

धाड. धाड. धाड.

खिडकीची तावदानं हादरली. खालच्या मजल्यावर पोर किंचाळून रडायला लागलं. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं आणि गडगडत गेलं. शितोळे ताडकन उभे राहिले.

“हे काय होतं?”

“करुणा!” सर लालबुंद झाले होते. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. केकी आपल्याच हाताकडे बघत बसला होता, तो जसा काही दुसऱ्याचा होता.

“रशियन आहे,” मी शितोळ्यांना म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. “रशियन संगीत आहे. भारत-रशिया मैत्री मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचंय.”

“रशियन?” शितोळ्यांचा चेहरा जरा सैल झाला. “म्हणजे आपल्याच बाजूचे की! साहेब म्हणतात, रशिया आपला दोस्त.” पण ते खाली बसले नाहीत. दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले. आता दार उघडून जिन्यात डोकावणार, की गॅलरीत जाणार, मला काही कळेना. माझे हात असे कापत होते की गज तारांवर टकटक वाजत होता.

सरांनी ते बघितलं. आधी माझ्या हाताकडे, मग कडीवरच्या शितोळ्यांच्या हाताकडे, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या असलेल्या आईकडे. जांभळ्या लुगड्यातल्या आईकडे. आपल्या माणसासाठी नटलेली बाई ओळखायला काय फार शहाणपण लागतं? सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

“करुणाचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “कच्चे आहेत. पुन्हा घ्या, आणि जोरात. खालच्या बाईंची माफी मी मागेन.” मग दाराकडे वळून म्हणाले, “शितोळे, बसून घ्या. कुणी उभं राहिलं की मला वाजवता येत नाही.”

लष्करातली जरब होती ती. शितोळे बसले. सरांनी तो बारीक सूर धरला आणि आम्ही ठोके वाजवले. एकदा, दोनदा, किती वेळा ते मी मोजलं नाही. घाम निथळेपर्यंत वाजवले. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते घामात मिसळून गेलं, बरंच झालं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बहिऱ्यालाही ऐकू गेलं असेल. गेले असतील, मी मनात म्हणत होते, परतले असतील. आणि आई आत एकटी.

मग चहा आला. आईनं सगळ्यांना करंज्या वाढल्या, शितोळ्यांनासुद्धा. ते दोन खाऊन म्हणाले, “वहिनी, कशाला हो एवढी दगदग, तब्येत बरी नसताना?” आई म्हणाली, “केल्या होत्या, कुणीतरी खायला हव्यात ना.”

चहानंतर सर हळूच म्हणाले, “आता शेवटचं पान. सावकाश.”

आम्ही सुरू केलं, आणि स्वयंपाकघरातून चमच्याचा आवाज यायला लागला. आईची एक सवय होती, साखर ढवळून झाली की चमचा कपाच्या काठावर वाजवायची, टिण टिण. पेणकरकाका त्याला आमचा पाचवा वादक म्हणायचे आणि सरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण एरवी ते एकदाच व्हायचं. त्या दिवशी थांबेचना. ढवळणं, मग टिण टिण. पुन्हा ढवळणं, पुन्हा टिण टिण. सगळ्यांचे चहा पिऊन झालेले, आणि आई तर साखरेचा चहा पीतच नव्हती. मला वाटलं, भीतीनं तिचं डोकं फिरलं की काय!  सर डोळे मिटून वाजवत राहिले, आणि आम्हीही.

पान संपत आलं तसे शितोळे आपला कप घेऊन उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. चमचा थांबला. आई दारातच त्यांना आडवी आली.

“द्या इकडे. पाहुण्यानं कप उचलायचा असतो होय?”

“म्हटलं, तुम्ही आत एकट्या...”

“एकटीच आहे. या, बघा हवं तर.”

शितोळ्यांनी मान खाली घातली आणि कप तिच्या हातात दिला. थोड्या वेळानं, “उद्या सगळं नीट होईल, वहिनी,” म्हणून गेले. मागोमाग बाकीचेही गेले. सर जाताना फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यानंतरही त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

“पपा परत गेले असतील ना?” दार लावून मी आईला विचारलं.

“गेले,” आई म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

“मला नाही कळणार तर कुणाला?”

ओट्यावर एक रिकामा कप होता, कोरडा ठणठणीत, त्यात चमचा. “रिकामा कप काय ढवळत बसलीस, आई? सरांना किती त्रास झाला असेल!”

“चुकलं बाई माझं,” ती म्हणाली आणि हसली. अशी हसली की पपा गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. मग आम्ही प्रार्थना केली आणि झोपलो.

ऑपरेशन पार पडलं, पण आई त्यातून उठली नाही. आठवड्याच्या आत गेली. कबरस्तानात पपा नव्हते. शितोळे होते, हातात फुलं घेऊन. रडत होते आणि रडता रडता गर्दीवर नजरही ठेवत होते. दोन्ही खरं होतं.

निवडणुका झाल्या, सरकार पडलं आणि पपा घरी आले. दाढी वाढलेली, निम्मे झालेले. दारात उभं राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्या दाराजवळच्या स्टुलावर बसले. त्या बुधवारबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.  ठोके वाजवले नसते तर पपांच्या हातात बेड्या पडल्या असत्या, तेही तिच्या डोळ्यांदेखत. वाजवले म्हणून दोघांची शेवटची भेट हुकली. रात्रंदिवस मी हेच उलटंसुलटं करत बसायचे. त्या रशियनाची पानं कपाटात गेली ती गेलीच. चौकडीत दुसरं पुष्कळ वाजवलं, ते नाही.

मग पुष्कळ वर्षांनी मिनेझिस सर गेले. त्यांच्या आठवणीसाठी कार्यक्रम करायचा ठरला, तेव्हा केकी हटून बसला. “सरचा आवडता तेच वाजवायचा. तो रशियन.” तोवर पेणकरकाकाही राहिले नव्हते. पहिल्या व्हायोलिनला आणि चेलोला दोन नवी मुलं घेतली. कॅम्पातला तो हॉल वरच्या मजल्यावर होता. पपांचं वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, तरी काठी टेकत टेकत चढून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

“कळणार नाही काही,” मी म्हटलं, “कंटाळाल.”

“ओठ हलवीन नुसते,” म्हणाले.

ठोके आले. नव्या मुलानं तो बारीक सूर धरला आणि आमचे तिघांचे गज खाली आले. धाड, धाड, धाड. समोर बघते तर पपा उभे! खुर्ची मागं सरकवून, काठी घेऊन ते मधल्या वाटेनं चालायला लागले. लोक वळून बघत होते. दार उघडलं, पपा बाहेर गेले, दार लागलं. आणि मी वाजवत राहिले. मध्ये थांबायची सोय नाही ना त्या मेल्या चौकडीत! शेवटचं पान मी कसं वाजवलं, माझं मला माहीत. इतकी वर्षं झाली तरी म्हाताऱ्याला त्या ठोक्यांनी पळवून लावलं, आणि वाजवणारी पुन्हा मीच.

टाळ्या संपायच्या आत मी व्हिओला केकीच्या हातात कोंबली आणि बाहेर धावले. पपा जिन्यातल्या वळणावर बसले होते. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, डोकं भिंतीला टेकवलेलं.

“पपा! बरं वाटत नाही का? ठोके ऐकून घाबरलात? माझंच चुकलं, मी तुम्हाला आणायलाच नको होतं.”

“घाबरतोय कशाला?” ते म्हणाले. “पुढचं जिन्यातून ऐकायचं होतं. मागच्या वेळी जिन्यातूनच ऐकलं होतं ना.”

मी खालच्या पायरीवर बसले.  “मागच्या वेळी? तुम्ही गल्लीतून परत गेला होतात ना?”

“गल्लीतून कसला? स्वयंपाकघराच्या झरोक्याखाली पोचलो होतो. ती पायरी करकरली आणि तेवढ्यात तुमचे ठोके. म्हटलं, संपलं. पण पाऊल निघेना. ठोके थांबले, तुमचा चहा झाला, आणि आता परत फिरणार, तर झरोक्यातून चमचा वाजला.” त्यांनी बोटानं पायरीवर वाजवून दाखवलं, दोनदा. “माझं पाऊल तिनं ओळखलं होतं. नाव घेऊन हाक मारता येईना, बाहेर बघता येईना. मग चमचा वाजवत राहिली. मी तिथंच उभा राहिलो, भिंतीला हात लावून. तुमचं ते लांबण लावलेलं सगळं होईपर्यंत.”

“आणि मग?”

“मग चमचा थांबला. तेव्हा निघालो.”

 इतकी वर्षं वाटत होतं की भेट मी हुकवली, आणि भेट झाली होती. आमच्याच वाजवण्याच्या आडोशानं झाली होती, माझ्या पाठीमागं, एका भिंतीच्या अंतरावर. मी तोंडाला पदर लावून रडले. पपांनी रडू दिलं. वर लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या.

“आज कसं झालं?” नाक पुसून मी विचारलं. औरंगजेबाला विचारावं असा प्रश्न तो नव्हता, पण विचारला.

पपांनी चपलेत पाय सरकवले आणि उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “सगळं तसंच होतं. फक्त चमचा नव्हता.”